आरडी मोडून मुलीसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यावा का?

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: "मुलगी सोळा वर्षांची. तीन वर्षं एअर रायफल केली, आता कोच तिला 50 मीटरवर पॉइंट टू-टूला (0.22 इंची गोळीच्या रायफलीला) घेणार आहेत. रायफल क्लबची मिळेल. जॅकेट-ट्राउझरसाठी 35,000 रुपये बाजूला ठेवलेत. दुकानदार 19,000 चा इलेक्ट्रॉनिक इअरमफ (कान झाकणारे कप) घ्या म्हणतो, बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतो. तसाच साधा, बारीक कपाचा मफ त्याच्याकडे 2,800 ला आहे. हप्ते नको वाटले तर पोस्टाची आरडी मोडीन, तिला साडेतीन वर्षं झालीत. मेहुणे म्हणतात एवढ्याशा गोळीला मफ कशाला, कापसाचे बोळे घाल. काय करू?"

आधी मेहुण्यांचं बोलू, कारण त्यात धोका आहे. पॉइंट टू-टूची गोळी लहान असली तरी रायफलीचा आवाज क्षणभर 140 डेसिबलच्या जवळ जातो, आणि अशा धडाक्याच्या आवाजासाठी 140 हीच कमाल मर्यादा मानली जाते. थ्री पोझिशनच्या (आडवं पडून, गुडघ्यावर आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराच्या) पात्रता फेरीत 60 गोळ्या, त्याआधीच्या सायटर म्हणजे चाचणीच्या गोळ्या वेगळ्या, सराव तर रोजचा. शिवाय फायरिंग लाइनवर ती एकटी नसते. शेजारच्या लेनमधली प्रत्येक गोळीही तिच्याच कानावर येते, आणि वर छत, बाजूला भिंती असतील तर आवाज घुमतो. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून त्याला मार जास्त बसतो. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कापसाच्या बोळ्याने काही डेसिबलच अडतात. बोळे नकोतच.

याची पैशाची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. ऐकू कमी आलं तर श्रवणयंत्र लागतं. बऱ्यापैकी डिजिटल यंत्र एका कानाला वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होतं, लाखाच्या पुढेही जातं, आणि साधारण पाच-सहा वर्षांनी बदलावं लागतं. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी हा खर्च देत नाहीत. सोळाव्या वर्षी कान बिघडला तर हा खर्च पुढची पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा येणार. आणि कानात सतत वाजणारी शिट्टी तर यंत्र लावूनही जाईल असं नाही. म्हणून कानाच्या संरक्षणात काटकसर करू नका. जॅकेट महिनाभर लांबलं तरी चालेल, कान उघडे ठेवून तिने एकही गोळी झाडू नये.

पण म्हणून 19,000 द्यायचे का? माझं उत्तर नाही असं आहे. महाग आहे हे त्याचं मुख्य कारण नाही. ज्या कामासाठी तुम्ही तो घेताय, ते काम तो साध्यापेक्षा जास्त करत नाही. इलेक्ट्रॉनिक मफ बाहेरचं बोलणं मायक्रोफोनने आत आणतो आणि धडाका झाला की ते बंद करतो. शिकाऱ्याला किंवा दिवसभर सूचना देणाऱ्या कोचला हे सोयीचं. आपल्याकडे वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरला नाही. आणि खेळाडूसाठी आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम स्पष्ट आहे: आवाज ग्रहण करणारं कुठलंही उपकरण असलेला मफ किंवा प्लग स्पर्धेच्या मैदानावर चालत नाही. म्हणजे सराव एका मफवर आणि मॅच दुसऱ्यावर. गालाखालचा स्टॉक (रायफलीचा दस्ता), डोक्यावरचा दाब, कानातली शांतता सगळं सरावासारखंच असावं म्हणून नेमबाज जिवाचं रान करतात. तिथे हा फरक पैसे देऊन कशाला विकत घ्यायचा?

आता लेबल वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत इलेक्ट्रॉनिक मफवर एनआरआर (आवाज किती डेसिबलने घटतो तो आकडा) 23 आहे, साध्यावर 24. हा प्रयोगशाळेतला आकडा असतो. नायॉश ही अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था प्रत्यक्षातला अंदाज घेताना मफच्या आकड्यातून पाव भाग आणि कानात घालायच्या फोमच्या प्लगच्या आकड्यातून अर्धा भाग वजा करायला सांगते. म्हणजे दोन्ही मफ प्रत्यक्षात 17-18 च्या आसपास. सहापटीहून जास्त किंमत देऊन संरक्षण तेवढंच. एक सावधगिरी घ्या: युरोपीय खोक्यावर एसएनआर हा तिकडचा आकडा छापतात, आणि त्याच मफचा तो आकडा एनआरआरपेक्षा मोठा असतो. दुकानदार एकाचा एसएनआर आणि दुसऱ्याचा एनआरआर समोर ठेवत असेल तर तुलना फसवी होते.

माझ्या मते दुहेरी संरक्षण घ्यावं. आत फोमचे प्लग, एनआरआर 30 च्या पुढचे, आणि वर तोच 2,800 चा बारीक कपाचा मफ. दोन्हींची बेरीज होत नाही, जे जास्त आहे त्यावर साधारण पाच डेसिबलची भर पडते, पण ही भर मोलाची आहे. 30-31 आकड्याचे जाड कपाचे मफही मिळतात, मात्र रायफलवाल्यांना ते नडतात: गाल स्टॉकला टेकला की कप सरकतो, फट पडते आणि लेबलवरचा आकडा कागदावरच राहतो. चष्म्याच्या काडीनेही तशीच फट पडते. म्हणून आतला प्लग हा खरा आधार. तो नीट बसायला हवा: पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. काडतुसं हाताळलेल्या हातांवर शिसं असतं, तेव्हा आधी हात धुवायचे.

कानाच्या मापाचे साचेबंद प्लग ऑडिओलॉजिस्ट करून देतात, ते सध्या थांबवा. वाढत्या वयात माप बदलू शकतं. ती या प्रकारात टिकतेय हे वर्षभराने कळलं की घ्या.

तुम्ही कळवलेल्या भावाने मफ 2,800, फोमचे शंभर जोड 1,400, आणि 50 मीटरवर पाऊल टाकण्याआधी एक ऑडिओग्राम म्हणजे श्रवणचाचणी, ती हजारभरात व्हावी. पाच हजारांच्या आसपास विषय संपतो. ऑडिओग्राम दरवर्षी करा आणि पहिला रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे घसरण सुरू झाली तर लवकर दिसेल. मफच्या गाद्या कडक होतात, त्या बदलायला दरवर्षी थोडे पैसे धरा. तुम्ही रेंजवर तिच्या मागे उभे राहत असाल तर त्याच डब्यातला एक जोड तुमच्या कानात हवा.

आरडीला हात लावू नका. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग आरडीचा दर मिळत नाही, बचत खात्याचं 4 टक्के व्याज मिळतं. दीड वर्ष उरलंय, ते जाऊ द्या. अगदीच नड आली तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजाने. या खरेदीला तेही लागणार नाही, 35,000 मधून होईल.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल: खऱ्या शून्य टक्क्यांच्या योजना रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच अमान्य केल्या. आज जे मिळतं त्यात व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत दाखवतात, आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो. रोख घेतलं तर किती सोडता, हा प्रश्न दुकानात विचारा, हप्त्याची खरी किंमत तिथेच कळेल.

उरलेले तीस हजार जॅकेट-ट्राउझरला. कोल्हापूरच्या रेंजवर जुनं, चांगल्या स्थितीतलं जॅकेट मिळतं का ते कोचना विचारा. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे यांच्या जिल्ह्यात नेमबाज कमी नाहीत, कुणाचं तरी लहान झालेलं निघेल. मफ मात्र नवाच घ्या, आणि पैसे देण्याआधी मुलीला क्लबची रायफल घेऊन प्रोन, नीलिंग आणि स्टँडिंग या तिन्ही पोझिशनमध्ये तो घालून बघू द्या. दुकानदार त्यासाठी मफ एक दिवस रेंजवर न्यायला देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.