सर्वात खिन्न करणारं पात्र? माझ्यासाठी ‘वाडा चिरेबंदी’तला चंदू

तुम्ही विचारलंय की कथा-कादंबऱ्या-नाटकांतलं असं कोणतं पात्र आहे, जे पुस्तक मिटल्यावरही मन खिन्न करून ठेवतं. माझं उत्तर चंदू. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तल्या देशपांड्यांचा धाकटा मुलगा. नाटक पाहिलेल्या कितीतरी जणांना तो पटकन आठवत नाही, आणि मी त्याचं नाव घेतेय ते त्यासाठीच.

या प्रश्नाला बहुतेक जण ‘नटसम्राट’मधल्या अप्पा बेलवलकरांचं नाव घेतील. बरोबरच आहे. १९७० पासून महाराष्ट्र त्या म्हाताऱ्यासाठी रडतोय, मीही रडले आहे. पण अप्पांजवळ शब्द आहेत. पोटच्या पोरांच्या घरी नकोसा होऊन बाहेर पडलेला हा माणूस आपलं दुःख असं मांडतो की अख्खं नाट्यगृह श्वास रोखून ऐकतं. ‘कोसला’ कादंबरीत छोटी मनी मरते ती पानं मी दुसऱ्यांदा वाचू शकलेले नाही, पण तिथेही पांडुरंग सांगवीकर आपल्या बहिणीसाठी आक्रोश करू शकतो. ज्याला ओरडता येतं त्याच्याबरोबर आपणही ओरडतो, आणि कुठेतरी मोकळे होतो.

‘एकच प्याला’मधली सिंधू मात्र मला अवघड जाते. हे नाटक लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांना आम्ही नागपूरकर जरा आपलं मानतो. जानेवारी १९१९ मध्ये ते गेले ते आमच्याच जिल्ह्यातल्या सावनेरला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, आणि हे नाटक रंगमंचावर आलेलं पाहायला ते राहिले नाहीत. नवरा दारूत बुडालेला, सिंधू लोकांचं दळण दळते, आणि शेवटी त्याच्याच हातून मार खाऊन मरताना त्यालाच वाचवायला बघते. वाचताना जीव कासावीस होतो. तरी तिच्या सोसण्याला नाटक मान देतं, प्रेक्षक हात जोडतात. चंदूला कोणी हात जोडत नाही.

‘वाडा चिरेबंदी’ १९८५ चं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा मोडकळीला आलेला वाडा, घरातले कर्ते वडील, तात्याजी, नुकतेच वारलेले. मुंबईहून मधला मुलगा सुधीर आणि त्याची बायको आलेत. तेराव्याला गावजेवण घालायचं तर पैसा कुठून आणायचा, शेतीचं काय, दागिन्यांचं काय, यावरून घरात धुसफूस सुरू आहे. वाड्यासमोर एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे. म्हातारी दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारते. थोरल्या मुलाची बायको, वहिनी, रात्री पिढीजात दागिने अंगावर घालून बघते तो प्रवेश सगळ्यांच्या लक्षात राहतो. चंदूची बहीण प्रभा, तिलाही लोक विसरत नाहीत. तिला शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नाही, पण ती निदान त्याबद्दल बोलते तरी, चिडते तरी.

चंदू काय करतो? कामं करतो. पाणी भर, हे उचल, ते आण, दादीला बघ. लग्न नाही, नोकरी नाही, वाड्यात कोणी त्याचं मत विचारत नाही. त्याच्या पायाला जखम होते, ती चिघळत जाते, आणि तो त्याच पायाने घरभर फिरत राहतो. नाटकात केवढ्या मोठ्या गोष्टी घडतात, वहिनीची मुलगी रंजू घरातून पळून जाते, सोनं जातं, पण माझं लक्ष त्या पायावरून हटत नाही. चंदू वाईट माणसांत सापडलाय असंही नाही. सगळेच आपापल्या जागी पिचलेले आहेत. त्यामुळे राग काढायलासुद्धा कोणी उरत नाही.

काफ्काच्या १९१५ सालच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधला ग्रेगोर साम्सा मला म्हणूनच चंदूचा भाऊ वाटतो. माणसाचा किडा झाला एवढंच त्या गोष्टीबद्दल सांगितलं जातं. मला आठवतं ते सफरचंद. बाप फळं फेकून मारतो, त्यातलं एक ग्रेगोरच्या पाठीत रुततं आणि तिथेच राहतं. ते काढायला कोणी पुढे होत नाही. ज्याच्या कमाईवर घर चाललं, बापाचं कर्ज फिटत होतं, त्याच्या पाठीत ते तसंच सडतं. तो मेल्यावर आईबाप आणि बहीण ट्रामने गावाबाहेर फिरायला निघतात, आणि मुलगी आता लग्नाची झाली हे आईबापांच्या ध्यानात येतं. बाहेर छान ऊन पडलेलं असतं. त्या उन्हाइतकं उदास मी दुसरं काही वाचलेलं नाही.

आता हे मला एवढं का लागलं ते सांगते. आमचं मूळ गाव काटोलकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. लहान काकाजी तिथेच राहिले, बाबा नोकरीसाठी नागपुरात आले. काकाजींचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हे मी घरात कधी ऐकलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. दिवाळीला आम्ही जायचो तेव्हा ते पंगतीत वाढायला असत, सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवत. आम्ही निघालो की संत्र्यांचं पोतं डिक्कीत ठेवून देत.

‘वाडा’ मी लग्नानंतर, तिशीत वाचलं. त्याच वर्षी दिवाळीला गेले तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं. काकाजींच्या डाव्या टाचेला धोतराची चिंधी बांधलेली होती, कडेने पिवळी पडलेली, वरून मातीने काळी झालेली. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही वं बाई, जुनंच हाये ते.” दुखत नाही का? तर म्हणे, नाही, काहीच लागत नाही. त्या ‘काहीच लागत नाही’ने मी घाबरले. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, पाय बधिर होतात ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून नागपूरला आणलं, बाबाही सोबत होते. डॉक्टरांनी चिंधी सोडली, बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, “हे कधीपासून आहे?”

काकाजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे.