खोडरबर बाजूला ठेव

चि. ताईस,

घरातली दोन्ही धाकटी तुला याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि तुझी दयाही आली. एकच अ‍ॅक्टिव्हिटी बुक, सात वर्षांचा भाऊ सगळी उत्तरं आधीच ओरडून मोकळा, चार वर्षांची बहीण त्याच्याच पानावर गिरगटतेय, आणि मध्ये तू. यात दोघांचाही दोष नाही. या वयात तीन वर्षांचं अंतर फार मोठं असतं. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढू लागतं, चौकोन जमायला चौथं-पाचवं लागतं आणि पतंगाचा आकार बहुतेकांना सहाव्या-सातव्या वर्षाआधी साधत नाही. दोघांपुढे एकच पान ठेवलंस तर एकाला ते पोरकट वाटणार आणि दुसरीला डोंगराएवढं.

म्हणून सरळ पानं सुटी कर. पुस्तक फाडायला हात धजणार नाही, ठाऊक आहे, तरी फाड. ठिपके जोडायचं पान त्याला, वाट शोधायचं तिला. वाट आधी बोटानं फिरू दे, खडू नंतर. आणि खडू आखूड दे. पेराएवढा तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. पकड शिकवण्याची कटकट तिथेच मिटते.

आता खोडरबराचं. मी धाकट्या भावाला घेऊन बसायचो तेव्हा खोडरबर कायम माझ्या हातात असे. एकदा त्यानं ३ उलटा काढला. मी खोडला, त्यानं पुन्हा उलटाच काढला, मी पुन्हा खोडला, शेवटी कागद फाटला. नंतर कित्येक दिवस तो वही घेऊन माझ्याकडे फिरकला नाही. सहा-सात वर्षांपर्यंत मुलं अंक, अक्षरं उलटी काढतातच, हे मला फार उशिरा कळलं.

तुझा भाऊ घ आणि ध, म आणि भ यांत गोंधळतो म्हणतेस. त्याला दहा दहा वेळा गिरवायला लावू नकोस. दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी चांगली मोठी काढ आणि ‘फरक ओळखा’ खेळायला दे. ध आणि भ यांची शिरोरेषा तुटलेली असते, हे तू सांगू नकोस. त्यालाच सापडू दे.

वाचनाचं म्हणशील तर तीच ती गोष्ट पुन्हा मागतात म्हणून वैतागू नकोस. नवे शब्द अशा पुन्हा पुन्हा ऐकण्यातूनच रुजतात. फक्त चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ एवढंच विचारत राहू नकोस. ‘हा असा का पळतोय?’ असं विचार आणि थांब. ती ‘भ्याला’ म्हणाली, तर ‘हो, मोठ्या आवाजाला भ्याला’ एवढी भर घाल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हेच तपासलं होतं. असं वाचायला शिकवलेल्या आईवडिलांची जेमतेम दोन-अडीच वर्षांची मुलं चार आठवड्यांत बोलण्यात इतर मुलांच्या पुढे गेली. (मला ही पद्धत आवडते ती वेगळ्याच कारणानं: वाचणाऱ्यालाही कंटाळा येत नाही.)

आणि कधी कधी तू उठून जा. त्याला तिच्यासाठी वाचू दे. तो अडखळेल, ओळ गाळेल, शेवट स्वतःच्या मनानं रचेल. तिचं काही बिघडत नाही, तिला दादा वाचून दाखवतोय एवढंच पुरे असतं. तू दुसऱ्या खोलीतून चूक दुरुस्त करू नकोस, म्हणजे झालं.

दोघं दहा मिनिटांत उठून पळाली तर पळू देत. पुस्तक अर्धं राहिलं तरी त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

पुढच्या पत्रात तिचं एखादं पान घालून पाठव. न खोडलेलं.

तुझा,
काका