पद्मिनीच्या क्रोमसाठी एफडी मोडू का?

सांगलीहून एका ताईंनी लिहिलंय. वडिलांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी दारात उभी आहे. बंपर, हेडलाइटच्या रिंगा, हबकॅप, हँडल, काचेभोवतीच्या पट्ट्या, सगळ्यावर ओरखडे आणि गंज. कारागिराने सगळं नव्याने क्रोम करायला 1,10,000 रुपये सांगितलेत. हातात पगार 58,000 येतो, गृहकर्जाचा हप्ता धरून खर्च 45,000, आणि 2,50,000 ची एकच एफडी. ती मोडावी, की 14 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं?

ताई, दोन्ही नको. ही एफडी म्हणजे तुमचा साडेपाच महिन्यांचा घरखर्च आहे. ती मोडली तर तीनच महिन्यांचा उरतो. कर्ज तीन वर्षांचं घेतलंत तर हप्ता सुमारे 3,760 आणि व्याजच 25 हजारांवर जातं. इतक्या व्याजात तुमच्या कोटेशनमधला पुढचा बंपर (24,000) होऊन जातो.

माझा खरा आक्षेप ‘सगळं नव्याने’ या शब्दांवर आहे. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो, झळाळी असते ती खालच्या निकेलची. म्हणून खोल ओरखडा घासून काढायला गेलं की क्रोम उडतं आणि पिवळसर निकेल दिसायला लागतं. उलट वरवरच्या ओरखड्याला नव्या क्रोमची गरजच नसते. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर मेटल पॉलिश आणि वॅक्स पुरे. तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. पट्ट्यांना लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर त्या बहुधा अॅल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेसच्या असतील. त्यांना बफिंगने (फिरत्या कापडी चाकाने घासून) चमक येते, क्रोम करायचं कारणच नाही. सामान दीड-दोन हजारांत येईल आणि दोन रविवार जातील.

तुमच्या फोटोंत पुढच्या बंपरला मात्र खड्डे पडून पोपडे सुटलेत. तो पॉलिशने सुधारणार नाही. जुना थर उतरवून, घासून, आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम चढवावं लागेल, आणि यात पैसे जातात ते मुख्यतः घासण्याच्या मजुरीत. तेवढा एक बंपर करा. दरमहा उरणाऱ्या 13,000 मधून 6,000 बाजूला काढलेत तर चार महिन्यांत रक्कम जमते. तिन्ही थर बिलावर लिहून घ्या, पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका, आणि ‘जुना द्या, नवा बसवतो’ म्हटलं तर नाही म्हणा. कारण वाहन नोंदणीच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. तुमची गाडी 2032 मध्ये तिथे पोचते. (तशी नोंदणी झाल्यावर ती रोजच्या वापराला चालत नाही, हेही धरून चाला.)

त्याआधी 2027 मध्ये आरसीचं नूतनीकरण येतंय. वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ही फी 2025 मध्ये 10,000 रुपये झाली. शिवाय तपासणीला गाडी नेण्यापूर्वी ब्रेक आणि गाडीच्या तळाचा पत्रा बघावा लागेल. बंपरनंतरची बचत आधी तिकडे जाऊ द्या. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा कागदपत्रं आणि खालचा पत्रा आधी बघतो. क्रोमवर घातलेला रुपया तसाच्या तसा परत मिळेल, असं गृहीत धरू नका. विम्याचंही तसंच. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता, बिल दाखवलं म्हणून ती आपोआप वाढत नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलखाली बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्याने पडलेली चंद्रकोरीसारखी रेघ आहे, तिचं काय करावं कळत नाही. ते हँडल कोटेशनमधून काढायला सांगा आणि कारागिराला गाडी देताना बोट ठेवून दाखवा: इथे बफ लावायचा नाही.