वहीतून फाडलेली दोन पानं

(पत्र थोडक्यात असं: भुसावळचे एक वडील लिहितात, मुलगा यंदा बारावी झाला. बोर्डाला ६३ टक्के, सीईटीला ८४ पर्सेंटाइल. क्लासला दोन लाख भरले, पण तो दोन वर्षं कॉम्प्युटरवर ट्रेन सिम्युलेटरसाठी (रेल्वे चालवण्याच्या खेळासाठी) वाफेची इंजिनं बनवत बसला. रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा त्याला फूस लावतात. आता कॉम्प्युटर माळ्यावर टाकला आहे. मुलाला लातूरला रिपीटर बॅचला घालावं, की साडेचार लाखांच्या 'गेम डिझाइन' कोर्सला? पुरावा म्हणून त्याच्या वहीची दोन पानं जोडली आहेत. ता.क. पंधरा दिवस तो घरात कोणाशी बोलत नाही, ताटावरून अर्धपोटी उठतो.)

प्रिय पालक,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात पर्सेंटाइलचा हिशेब आहे, फीचा हिशेब आहे, शेजारच्या मुलाला कोणती ब्रँच मिळाली तेही आहे. आणि मुलगा पंधरा दिवस नीट जेवत नाही, हे मात्र ता.क. म्हणून तळाशी. मला आधी त्या तळाच्या ओळीला उत्तर द्यायचं आहे.

अठरा वर्षांचं पोर रागावलं की भांडतं, दार आपटतं, मित्राकडे जाऊन बसतं. पंधरा दिवसांचा अबोला आणि अर्धं टाकलेलं ताट म्हणजे नुसता राग नव्हे. आज रात्री त्याच्याजवळ जाऊन बसा. ॲडमिशनबद्दल चकार शब्द काढू नका. 'फार वाईट वाटतंय का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो अडखळला किंवा नुसताच रडला, तर त्याला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. लातूर, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या), सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट आजोबांची, म्हणजे मुलाच्या आबांची. 'इंजिनाचा विषय घरात काढायचा नाही' अशी ताकीद तुम्ही तुमच्या ८१ वर्षांच्या वडिलांना दिलीत. त्यांनी फायरमन म्हणून भट्टीसमोर उभं राहून कोळसा टाकला, पुढे ड्रायव्हर झाले, त्या पगारात तुमचं शिक्षण झालं. हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यांच्या कामाबद्दल खोदून खोदून विचारणारा घरात एकच जण होता, तो नातू. तुम्ही दोघांची तोंडं एकाच दिवशी बंद केलीत. स्पष्ट लिहिते, ही चूक आहे आणि ती तुमच्या हातून झाली आहे. मुलाचे गुण कमी पडले त्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

आता ती पानं. झेरॉक्स काढता आली असती, तुम्ही ती वहीतून फाडून पाठवलीत. मी मेकॅनिकलला होते, त्यामुळे मला ती वाचता आली.

पहिल्या पानावर डब्ल्यूपी इंजिनाचं रेखाटन आहे. पुढून बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं आणि नाकावर चांदणी असलेलं एक्स्प्रेस गाड्यांचं इंजिन. १९४७ साली पहिली १६ अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली, पुढे ही संख्या ७५५ वर गेली. खाली त्याने मापं मांडली आहेत: सिलिंडरचा व्यास २०.२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) २८ इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पाउंड, मोठं चाक ६७ इंच. मग गणित. व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले दाब, भागिले चाकाचा व्यास. आणि सिलिंडरपर्यंत येताना वाफेचा जोर थोडा कमी होतो म्हणून दाब ८५ टक्केच धरायचा. उत्तर ३०,५८९ पाउंड, म्हणजे जवळपास १४ टनांची ओढ. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या क्रँक (पिस्टनचा दांडा चाकाला जिथे जोडतात ते भाग) एकमेकींपासून ९० अंशांवर का असतात, हेही त्याने बाण काढून लिहिलंय: एका बाजूचा दांडा सरळ रेषेत येऊन अडला तरी दुसऱ्या बाजूचा चाक फिरवतो.

दुसरं पान मी तीनदा वाचलं. वर लिहिलंय, 'आबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, ह्या वेगाला ठोके इतके सावकाश पडत नाहीत.' ठोके म्हणजे इंजिनातून वाफ बाहेर पडतानाचा भक्‌भक् आवाज. त्याखाली पोराने हिशेब केला आहे. दोन सिलिंडर, वाफ पिस्टनला दोन्हीकडून ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चाकाचा परीघ ५.३५ मीटर. गाडी ताशी १८ किलोमीटरने निघाली तर सेकंदाला ५ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेचार ठोके पडायला हवेत. सिम्युलेटरमध्ये मोजले तर निम्मेच. आणि मग लाल शाईत: 'फाइलमध्ये चाकाच्या त्रिज्येच्या जागी व्यास टाकला होता. १.७०२ नाही, ०.८५१ मीटर.' समासात दोनच शब्द, 'आबा बरोबर.'

ज्या माणसाने वाफेच्या इंजिनावर वर्षं काढली, त्याच्या कानाने चूक पकडली आणि नातवाने ती आकड्यांत शोधून काढली. तुम्ही हे पान मुलाविरुद्ध पुरावा म्हणून पाठवलंत. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला 'थिअरी ऑफ मशीन्स', म्हणजे यंत्रांच्या हालचालींचा विषय असतो. तो घोकून पास झालेली कित्येक मुलं मला भेटतात, पण अशी नोंद त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या वहीत सापडेल.

आता त्या साडेचार लाखांच्या कोर्सबद्दल. 'मुलगा थ्रीडी मॉडेल बनवतो, म्हणजे तो गेमिंगचा' हा गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. इंजिनाचं बाहेरचं रूप तो ज्या ब्लेंडरमध्ये घडवतो, ते सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते तो घरी बसून शिकलाय. तेच शिकवायला साडेचार लाख कशाला द्यायचे? शंभर टक्के नोकरीची हमी छापलेलं माहितीपत्रक बाजूला ठेवा. सिम्युलेटरमधलं इंजिन म्हणजे नुसतं चित्र नव्हे. त्याच्यामागे आकड्यांची फाइल असते: सिलिंडर, स्ट्रोक, दाब, चाक. त्यातला एक आकडा चुकला की गाडी चढावर अडते किंवा ठोका बिघडतो. तुमच्या मुलाचा जीव त्या आकड्यांत आणि खऱ्या यंत्रात आहे. त्याला कलाकार म्हणून गेम कंपनीत राक्षसांची चिलखतं रंगवायला बसवलंत, तर तो वर्षभरात कंटाळेल.

मुलालाही एक सांगायचं आहे, हा परिच्छेद त्याला वाचू द्या. सिम्युलेटरसाठी जुनी इंजिनं बनवून घर चालेल, या भरवशावर राहू नकोस. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या फायली आज ओपन रेल्सवर चालतात, आणि ते स्वयंसेवकांनी बनवून फुकट दिलेलं सॉफ्टवेअर आहे. या जगात बरंचसं काम प्रेमापोटी होतं. पैसे देऊन मॉडेल घेणारे आहेत, पण ती बाजारपेठ लहान आहे. आणि बारावीच्या वर्षात केमिस्ट्री तू सोडूनच दिलीस, हे गुणपत्रिकेत दिसतंय. ती जबाबदारी तुझी.

वाटा तुम्हाला माहीत आहेत: ८४ पर्सेंटाइलवर कॅप राउंडला मेकॅनिकल भरा, जेईई मेन दिली असेल तर वडोदऱ्याच्या गतिशक्ती विद्यापीठाचा रेल्वे अभ्यासक्रम बघा. पुढे यंत्रांच्या सिम्युलेशनचं काम मोठं आहे. गाड्यांचे भाग प्रत्यक्ष घडवण्याआधी संगणकात चालवून पाहतात, आणि लोको पायलटांचं प्रशिक्षणही सिम्युलेटरवर होतं. लातूरला पाठवू नका. घरात असून जो मुलगा बोलत नाही, त्याला हॉस्टेलच्या खोलीत एकटं टाकायची ही वेळ नव्हे.

कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवा, पण मुलाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. आधी आबांना खुर्ची द्या, मागे तुम्ही बसा, आणि ते इंजिन एकदा चालताना बघा. दोन वर्षांत तुम्ही ते एकदाही पाहिलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. शक्य झालं तर आबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. धुराचा रंग बघून आग कशी ओळखायची, पावसात चाकं घसरली की काय करायचं, हे त्यांच्याइतकं जवळून सांगणारं तुमच्या घरात दुसरं कोणी नाही.

दोन्ही पानं आज स्पीड पोस्टाने परत पाठवली आहेत. पाकिटावर नाव मुलाचं घातलंय. ते त्यालाच उघडू द्या.