कशाला आले होते बरं इथे?

"मॅडम, खरं सांगा, माझं आईसारखं होतंय का?" खुर्चीत टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. वय ५३, राहायला कोथरूडला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) आईला डिमेन्शिया होता, सगळं यांनीच काढलं. पर्समधून वही निघाली. त्यात तारीखवार नोंदी: 'स्वयंपाकघरात गेले, कशाला ते आठवेना.' 'बेडरूममध्ये, परत तेच.' महिन्याभरात चौदा.

पन्नाशीतले पुष्कळ जण हीच धास्ती घेऊन येतात. मी नेहमीचं विचारलं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकते का? हिशोब, बँकेची कामं अडतात का? तेच तेच विचारता असं घरचे म्हणतात का? तिन्हींना नाही. तरी डॉक्टरांकडे पाठवलंच. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा थायरॉइड बिघडलं तरीही विसरायला होतं आणि ते समुपदेशकाने अंदाजाने ठरवायचं नसतं. रिपोर्ट नॉर्मल आले.

मग वही नीट वाचली. बहुतेक नोंदींत एक उंबरठा होता! अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे गेब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये हेच तपासलं होतं. तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर लोक कमी विसरत, दार ओलांडलं की जास्त. खोली बदलली की मेंदू आधीचा प्रसंग मिटतो आणि नवा उघडतो, असं त्यांचं म्हणणं. आपण म्हणतो, मागे गेलं की आठवतं. त्यांच्या प्रयोगात मूळ खोलीत परतूनही फायदा झाला नाही. (मी मात्र अजून जाते.)

ताईंसाठी मला जास्त मोलाचं वाटलं ते २०२१ मधलं ऑस्ट्रेलियातलं काम. तिथे नुसत्या दाराने फारसं काही बिघडलं नाही. सोबत मनात आकडेमोड करायला लावली, तेव्हा विसरणं दिसलं.

"तीन तारखेला स्वयंपाकघरात जाताना डोक्यात काय होतं?" मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. "बाबांच्या गोळ्या संपल्या होत्या. लेकीचा फोन यायचा होता. गॅसवर दूध... हो, आणि पाणी जाणार होतं अकराला."

नोंदी बंद करा असं मी म्हटलं नाही, त्यांनी ऐकलंही नसतं. शेजारी एक रकाना वाढवायला सांगितला: 'तेव्हा डोक्यात काय'.

तीन आठवड्यांनी वही परत आली. नऊ नोंदी. आठांपुढे रकाना गच्च भरलेला. नवव्यापुढे: 'काहीच नव्हतं. मग चहा केला.'

त्या नवव्या नोंदीवरच आम्ही अर्धा तास बोललो. ती दुपार आईच्या वर्षश्राद्धाची होती.