लेकीला पहिला सामना दाखवताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. साडेचार वर्षांच्या लेकीला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर क्रिकेटचा रात्रीचा सामना दाखवायचा तुझा बेत वाचला. मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो : ही हौस तुझी आहे, तिची नव्हे. धाराशिवहून अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे रेंगाळणारा खेळ आणि लांबून बोटाएवढे दिसणारे खेळाडू, यांतून त्या वयाच्या मुलीच्या हाती फारसे काही लागत नाही.

हीच चूक मी केलेली आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना नेले. सुरुवातीला रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या लहान पोरांच्या कुस्त्या लागल्या, त्या त्याने उभे राहून पाहिल्या, कारण मातीत उतरलेली पोरे त्याच्याच वयाची होती. त्या संपताच मी उठायला हवे होते. पण मला शेवटची मोठी कुस्ती पाहायची होती. हलगी आणि कर्णा यांच्या कल्लोळात त्याने दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले, दिवेलागणीपर्यंत रडून रडून तो माझ्या खांद्यावर झोपला आणि पुढच्या वर्षी जत्रेचे नाव काढताच आईच्या पदराआड गेला. ती शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली, हे जाता जाता सांगतो.

तेव्हा सुरुवात खो-खोने कर. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे आपल्याच जिल्ह्याची, त्यामुळे चांगला खो-खो पाहायला तुला लांब जावे लागणार नाही. मोठ्यांच्या सामन्यातही एका संघाचे आक्रमण नऊ मिनिटांचे असते, आणि लहान मुलाचा धीर साधारण तेवढाच टिकतो. आदल्या दिवशी अंगणात चार पाट मांडून तिला खेळ समजावून दे : आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते, तिला मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, पळणारीला मात्र जाता येते. एवढा अन्याय मुलांना लगेच कळतो आणि फार आवडतो.

मैदानावर तिला टोकाच्या खांबाच्या थेट मागे बसवू नकोस, कारण झेप घेणारी खेळाडू कधी कधी चुन्याच्या रेषेपलीकडे येऊन पडते. तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या खिशात असू दे, आणि बसण्याआधी पाण्याची व शौचालयाची सोय पाहून ठेव. ती खेळाऐवजी मुंग्या पाहत बसली तर बसू दे. तुला मात्र एक बंधन पाळावे लागेल. शाळेत असताना तू पंचांशी कसा हुज्जत घालायचास, ते मी विसरलेलो नाही. ती शेजारी असताना तसला एक शब्दही तोंडातून जाता कामा नये.

पहिल्या डावानंतर ती घरी चल म्हणाली तर रेंगाळू नकोस. मीही सामन्याला येईन आणि शेवटपर्यंत थांबणारच आहे. निकाल संध्याकाळी फोनवर कळवीन.

तुझा,
गुरुजी