नवीन सुपरवायझर झाला ना भाऊ, मग हे वाच

कापसाच्या जिनिंगमधी कोणी बाई रडत आली का लगेच मुकादमाले बोलवू नको, पयले तिचं ऐक, अन् चारचौघात नाही, वजनकाट्याजवळ तर अजिबात नाही. मी इथंच चुकलो होतो, एका बाईले अन् मुकादमाले समोरासमोर उभं केलं, ती नुसती पदराले गाठी मारत रायली अन् दुसऱ्या दिवसापासून कामावरच नाही आली. तारीख अन् शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेव. छेडछाडीचं असन तर "जाऊ दे ताई" म्हणून मिटवू नको, 2013 चा कायदा आहे, 10 किंवा जास्त माणसं कामाले असतील तर तक्रार ऐकाले तिथलीच अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, तक्रार 3 महिन्यांच्या आत. अन् हो, त्या दिवसाची तिची हजेरी कापू नको, बाकीच्या बाया तेच पाह्यत असतात.